मध्यस्थीची प्रार्थना आणि पुराव्याची कसोटी

ख्रिस्ती परंपरेत दुसऱ्यासाठी देवाकडे मागणे मागण्याला मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. घरातल्या आजाऱ्यासाठी, प्रवासाला निघालेल्यासाठी, राज्यकर्त्यांसाठी, दुष्काळात सापडलेल्या परक्या मुलखासाठी ती केली जाते. कॅथलिक घरांत मृतांसाठीही केली जाते. रविवारच्या उपासनेत आजाऱ्यांची नावे वाचली जातात, पाळक दवाखान्यात जाऊन खाटेशेजारी प्रार्थना करतात. पूर्वी घरोघर निरोप देत चालणारी प्रार्थनेची साखळी आता मोबाइलवरच्या गटांतून काही मिनिटांत देशोदेशी पोहोचते.

या एका कृतीत तीन निरनिराळी विधाने सामावलेली असतात. पहिले असे की, ज्याच्यासाठी प्रार्थना केली त्याच्या बाबतीत तिच्यामुळे काही वेगळे घडते. ताप उतरतो, शस्त्रक्रिया पार पडते. दुसरे, कोणी आपल्यासाठी प्रार्थना करत आहे हे कळल्याने आजाऱ्याला धीर येतो. तिसरे, प्रार्थना करणारा माणूस स्वतः बदलतो. दुसरे आणि तिसरे विधान नास्तिकालाही मान्य होऊ शकते. पहिले मात्र प्रत्यक्ष जगात काय घडते याविषयी आहे, म्हणून ते तपासता येते. चिकित्सेत खरी गफलत होते ती इथे: पहिल्याचा पुरावा मागितला की बहुधा दुसऱ्या-तिसऱ्याचा पुढे केला जातो.

शास्त्रातील आधार

बायबलमध्ये दुसऱ्यासाठी रदबदली करणाऱ्यांची मोठी मालिका आहे. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात अब्राहाम सदोम नगरासाठी देवाशी जवळजवळ बाजारातल्यासारखी घासाघीस करतो. पन्नास नीतिमान सापडले तर नगर वाचवशील का, इथून सुरुवात करून तो दहावर येतो. दहाही सापडत नाहीत आणि सदोम जळते. सोन्याचे वासरू पुजणाऱ्या इस्राएलासाठी मोशे देवाचा राग शांत करतो. ईयोब आपल्याला दोष देणाऱ्या मित्रांसाठीच प्रार्थना करतो. नव्या करारात येशू पेत्राचा विश्वास ढळू नये म्हणून प्रार्थना करतो आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सर्व माणसांसाठी, विशेषतः राजांसाठी, प्रार्थना करण्याची सूचना आहे. आजाऱ्यांच्या दृष्टीने याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय सर्वांत महत्त्वाचा. मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी आणि विश्वासाची प्रार्थना आजाऱ्याला बरे करील, असे त्यात सांगितले आहे.

याच ग्रंथात उलट दिशेच्या नोंदीही आहेत. डोंगरावरील प्रवचनात येशू सांगतो की, मागण्यापूर्वीच पित्याला गरज ठाऊक असते. प्रेषित पौल आपल्या शरीरातला ‘काटा’ निघावा म्हणून तीनदा विनवतो. काटा निघत नाही, तो सोसण्याचे बळ मिळते. देवाची परीक्षा पाहू नये अशी आज्ञा आहे, तरी कर्मेल डोंगरावर एलीया बआलाच्या पुजाऱ्यांना जाहीर आव्हान देऊन कोणाच्या हाकेला अग्नी उतरतो याची चक्क परीक्षाच घेतो. प्रार्थना तपासावी की तपासू नये, या वादात दोन्ही बाजूंना बायबलमधूनच आधार मिळतो तो असा.

सर्वज्ञ देवाला आठवण कशाला?

तत्त्वज्ञांचा पहिला प्रश्न सरळ आहे. देव सर्वज्ञ असेल तर त्याला सांगण्यासारखे काही उरत नाही. परिपूर्ण चांगला असेल तर जे योग्य ते तो न मागताही करील. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास यांनी याला दिलेले उत्तर आजही चर्चमध्ये प्रमाण मानले जाते. त्यांच्या मते प्रार्थनेने देवाचा निर्णय बदलत नाही. अमुक गोष्ट प्रार्थनेच्या वाटेने घडावी हेच देवाने आधी ठरवलेले असते. शेतात पीक यावे हे ठरलेले असले तरी पेरणी करावी लागते, तसे.

हे उत्तर स्वतःसाठीच्या मागण्याला बऱ्यापैकी लागू पडते. मागताना माणूस नम्र होतो, कृतज्ञ होतो, असे म्हणता येते. दुसऱ्यासाठीच्या मागण्यात मात्र न्यायाचा प्रश्न उभा राहतो. एका वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर दोन मुले आहेत. एकाच्या मागे चारशे घरांची मंडळी आहे, दुसऱ्याचे कोणी नाही. पहिल्याला प्रार्थनेमुळे बरे केले असेल, तर दुसऱ्याला ओळखीचे लोक नसल्याची शिक्षा मिळाली, असा अर्थ होतो. प्रार्थनांच्या संख्येने फरक पडत नाही असे म्हटले, तर साखळी वाढवण्याचे कारण उरत नाही. इमॅन्युएल कांट यांनी १७९३ मधील धर्मविषयक ग्रंथात यातून एकच वाट काढली. देवावर प्रभाव पाडण्याचे साधन म्हणून केलेली प्रार्थना ही अंधश्रद्धा, आणि चांगले वागण्याची सतत जागी असलेली इच्छा हाच प्रार्थनेचा आत्मा, असे त्यांनी मांडले.

संतांची मध्यस्थी आणि मेणाचे पाय

कॅथलिक परंपरेत मध्यस्थांची रांग मोठी आहे. मारिया आणि संत स्वर्गात देवाजवळ असल्याने त्यांना गाऱ्हाणे घालावे, अशी ही श्रद्धा. सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी ती नाकारली. ख्रिस्त हाच एकमेव मध्यस्थ, असा त्यांचा आग्रह होता. कॅथलिक चर्चने मात्र तिला कागदोपत्री शिस्त लावली. हुतात्मा नसलेल्या व्यक्तीला ‘धन्य’ घोषित करण्यासाठी तिच्या मध्यस्थीने घडलेला एक चमत्कार आणि पुढे संतपदासाठी आणखी एक, असा सामान्य नियम आहे. बरे होण्याला वैद्यकीय स्पष्टीकरण नाही ना, हे डॉक्टरांचे मंडळ तपासते. गोव्यातील बाणावलीचे जोसेफ वाझ १९९५ मध्ये धन्य आणि २०१५ मध्ये संत घोषित झाले. त्यांच्या बाबतीत पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्या चमत्काराची अट शिथिल केली. या पद्धतीवरचा मुख्य आक्षेप तर्कशास्त्रीय आहे. ‘आज स्पष्टीकरण सापडत नाही’ यावरून ‘अमुक संतांमुळे घडले’ इथवर उडी मारता येत नाही. कर्करोगाच्या गाठी क्वचित आपोआप विरघळतात, आणि ज्यांनी कोणत्याच संताला साकडे घातले नाही त्यांच्याही विरघळतात.

मुंबईत वांद्र्याच्या टेकडीवरील मोत माउलीच्या जत्रेत, सप्टेंबरमध्ये, मेणाच्या वस्तू विकणाऱ्या दुकानांची रांग लागते. गुडघा दुखत असेल तर मेणाचा पाय, मूल हवे असेल तर मेणाचे बाळ, घर हवे असेल तर मेणाचे घर. आता विमानेही मिळतात. आईच्या डोळ्यांसाठी मुलगा मेणाचे डोळे वाहतो, ही मध्यस्थीच झाली. वाहणाऱ्यांत ख्रिस्ती असतात तसे हिंदूही असतात. नवस फळला की माणूस पुढल्या वर्षी आवर्जून येतो आणि चार जणांना सांगतो. फळला नाही तर बहुधा गप्प बसतो.

या गप्प बसण्याचा हिशेब फार जुना आहे. सिसेरो याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात ग्रीक नास्तिक डायगोरस याची गोष्ट नोंदवली आहे. सामोथ्रेसच्या देवळात समुद्रातून वाचलेल्यांनी वाहिलेली चित्रे त्याला कोणी दाखवली आणि देव माणसांची काळजी घेतात याचा हा पुरावा नाही का, असे विचारले. नवस बोलूनही जे बुडाले त्यांची चित्रे कुठे टांगली आहेत, असे त्याने उलट विचारले. फ्रान्सिस बेकन यांनी १६२० मध्ये हीच गोष्ट मानवी बुद्धीच्या एका खोडीचे उदाहरण म्हणून वापरली: जुळलेले लक्षात राहते, न जुळलेले विसरले जाते.

प्रसिद्धीचा प्रश्नही याच्याजवळचा आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिस्टल येथे जॉर्ज म्यूलर यांनी कोणाकडे पैसे न मागता, केवळ प्रार्थनेवर भिस्त ठेवून अनाथाश्रम चालवले आणि दहा हजारांहून अधिक मुलांचा सांभाळ केला. त्यांचे चरित्र वाचून पंडिता रमाबाई प्रभावित झाल्या. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थनेला मध्यवर्ती स्थान होते आणि १९०५ मध्ये तिथे मोठे धार्मिक चैतन्य उसळले. दोघांचे काम निर्विवाद मोठे आहे. पण प्रार्थनेला मिळालेल्या उत्तरांचे वृत्तान्त म्यूलर दरवर्षी छापत. ‘मुक्ती प्रेयर बेल’ हे पत्रक परदेशी हितचिंतकांच्या हाती पडे, आणि रमाबाईंच्या कामासाठी बॉस्टनला १८८७ पासून एक मंडळ निधी जमवत होते. म्हणजे गरज देवाला कळत होती तशी वाचकांनाही कळत होती. मदत आली ती कोणत्या वाटेने, हे केवळ मदत आल्यावरून ठरत नाही.

राजपुत्राचा ताप आणि गॅल्टनचे कोष्टक

प्रार्थनेची मोजणी करण्याची पहिली गंभीर मागणी इंग्लंडमध्ये एका आजारपणातून निघाली. १८७१ च्या अखेरीस युवराज एडवर्ड टायफॉइडने अत्यवस्थ झाला. दहा वर्षांपूर्वी, १४ डिसेंबर १८६१ रोजी, त्याचे वडील प्रिन्स अल्बर्ट वारले होते आणि डॉक्टरांनी तेव्हाही टायफॉइडच सांगितला होता. देशभरच्या चर्चमध्ये प्रार्थना झाल्या. नेमका वडिलांच्या मृत्युदिनाच्या सुमारास युवराजाचा ताप उतरू लागला आणि २७ फेब्रुवारी १८७२ रोजी लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये थाटात आभाराची उपासना झाली. मात्र स्कारबरोजवळच्या ज्या घरात युवराज उतरला होता तिथेच उतरलेला अर्ल ऑफ चेस्टरफिल्ड त्याच तापाने दगावला, आणि युवराजाचा मोतद्दारही.

त्याच वर्षी जुलैमध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी ‘कंटेम्पररी रिव्ह्यू’मध्ये एक निनावी पत्र छापायला दिले. ते शल्यविशारद हेन्री थॉम्पसन यांचे होते. एखादे रुग्णालय किंवा वॉर्ड निवडावा, तीन ते पाच वर्षे साऱ्या श्रद्धावंतांनी त्यातील रुग्णांसाठी विशेष प्रार्थना करावी आणि मृत्यूचे प्रमाण इतर रुग्णालयांशी ताडून पाहावे, अशी ती सूचना होती. धर्मगुरू संतापले, देवाला प्रयोगशाळेत बोलावणे हाच अधर्म, असे म्हटले गेले. प्रयोग झाला नाही.

पुढच्याच महिन्यात संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस गॅल्टन यांनी, वेगळा प्रयोग करायला नको, आकडे आधीच हाताशी आहेत, असे दाखवले. इंग्लंडच्या प्रत्येक चर्चमध्ये राजाला दीर्घायुष्य लाभावे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना होत आल्या आहेत. म्हणजे राजघराण्यातली माणसे जास्त जगायला हवीत. गॅल्टन यांनी १७५८ ते १८४३ या काळातील, तिशी ओलांडलेल्या आणि अपघात-हिंसाचाराने न मेलेल्या पुरुषांचे सरासरी आयुर्मान मांडले. जमीनदार वर्ग ७०.२२ वर्षे, धर्मोपदेशक ६९.४९, व्यापारी ६८.७४, वकील ६८.१४, डॉक्टर ६७.३१, आणि राजघराण्यातील ९७ पुरुष ६४.०४, म्हणजे कोष्टकात सर्वांत तळाला. विमा कंपन्या अर्जदाराला शेकडो प्रश्न विचारतात, पण तो किंवा त्याचे घरचे प्रार्थना करतात का हे विचारत नाहीत, याकडेही त्यांनी बोट दाखवले. फरक पडत असता तर हिशेबी माणसांनी तो कधीच हेरला असता.

गॅल्टन यांच्या मांडणीतही उणिवा आहेत. राजघराण्यांची राहणी, आपसांतली लग्ने, सवयी वेगळ्या. चर्चमधली ठरीव प्रार्थना मनापासून असते असेही नाही. दोन गट फक्त प्रार्थनेपुरतेच वेगळे असतील, अशी रचना त्या काळच्या आकडेवारीत शक्य नव्हती. ती विसाव्या शतकात यादृच्छिक चाचणीने शक्य केली.

रुग्णालयातील चाचण्या

यादृच्छिक चाचणीत चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे गट पाडतात. एका गटासाठी प्रार्थना होते, दुसऱ्यासाठी होत नाही आणि कोण कोणत्या गटात आहे हे रुग्णाला, डॉक्टरला कळू दिले जात नाही. सर्वाधिक गाजलेली सुरुवातीची चाचणी रँडॉल्फ बर्ड यांची. सॅन फ्रान्सिस्को जनरल हॉस्पिटलच्या हृदयरोग अतिदक्षता विभागात १९८२-८३ मध्ये दाखल झालेल्या ३९३ रुग्णांपैकी १९२ जणांसाठी ख्रिस्ती श्रद्धावंतांनी प्रार्थना केली. १९८८ मध्ये निष्कर्ष आले आणि विज्ञानाने प्रार्थना सिद्ध केली, असा गवगवा झाला.

निष्कर्ष जवळून पाहिले तर चित्र पालटते. बर्ड यांनी पंचवीसहून अधिक बाबी मोजल्या होत्या. मृत्यू आणि रुग्णालयातील दिवस यांत फरक नव्हता. सहा बाबींत प्रार्थनेचा गट सरस ठरला: हृदय निकामी होणे, लघवी वाढवणारी औषधे, न्यूमोनिया, प्रतिजैविके, हृदयक्रिया बंद पडणे आणि श्वासनलिकेत नळी घालणे. यातल्या बऱ्याच बाबी एकमेकींच्या सावल्या आहेत. न्यूमोनिया कमी झाला की प्रतिजैविके आपोआप कमी लागतात. हृदय सावरले की लघवीची औषधे कमी लागतात. शिवाय इतक्या बाबी मोजल्यावर एखाद-दुसरी निव्वळ योगायोगाने जुळतेच.

१९९९ मध्ये कॅन्सस सिटीच्या एका हृदयरोग केंद्रातील ९९० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. प्रार्थना करणाऱ्यांना केवळ रुग्णाचे पहिले नाव दिले होते. संशोधकांनी तयार केलेल्या गुणांकात प्रार्थनेचा गट सुमारे दहा टक्क्यांनी बरा निघाला. पण बर्ड यांचे जुने मोजमाप लावले की फरक उरला नाही. म्हणजे दुसऱ्या चाचणीने पहिलीला दुजोरा दिला नाही. २००१ मध्ये मेयो क्लिनिकच्या ७९९ रुग्णांत आणि २००५ मध्ये अमेरिकेतील नऊ केंद्रांवरच्या ७४८ रुग्णांत मुख्य निकषांवर लक्षणीय फरक दिसला नाही.

मधल्या काळातली दोन प्रकरणे सावधगिरी शिकवणारी आहेत. २००१ मध्ये सोल येथील कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांवर एक लेख आला. परदेशी ख्रिस्ती गटांच्या प्रार्थनेमुळे गर्भधारणेचे प्रमाण २६ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेले, असा दावा त्यात होता. तीनपैकी एका लेखकाने पुढे आपले नाव काढून घेतले, तर दुसऱ्याने २००४ मध्ये एका वेगळ्याच आर्थिक फसवणुकीच्या खटल्यात गुन्हा कबूल केला. त्याच २००१ मध्ये इस्राएलमधील डॉक्टर लिओनार्ड लेबोविची यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या नाताळ अंकात एक खट्याळ निबंध छापला. १९९० ते १९९६ दरम्यान रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या ३,३९३ रुग्णांचे त्यांनी दोन गट पाडले आणि एका गटासाठी २००० साली, म्हणजे रुग्ण घरी गेल्यानंतर किंवा वारल्यानंतर, प्रार्थना करवली. त्या गटाचा ताप आणि रुग्णालयातील मुक्काम संख्याशास्त्राच्या भाषेत लक्षणीय कमी निघाला! मुळातच असंभवनीय गोष्टीची चाचणी घेतली तर आकडे काहीही दाखवू शकतात, हा त्यांचा मुद्दा होता. काही उत्साही वाचकांनी मात्र तो भूतकाळ बदलणाऱ्या प्रार्थनेचा पुरावा म्हणून घेतला.

अठराशे दोन रुग्ण

सर्वांत मोठी आणि काटेकोर चाचणी हार्वर्डचे हर्बर्ट बेन्सन यांच्या नेतृत्वाखाली झाली आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे २४ लाख डॉलर खर्च आला. त्यातला बहुतेक पैसा धर्म आणि विज्ञान यांच्या मैत्रीसाठी झटणाऱ्या टेम्पलटन फाउंडेशनचा होता. सहा रुग्णालयांतील हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेचे १,८०२ रुग्ण तीन गटांत विभागले. पहिल्या दोन गटांना, प्रार्थना होईल किंवा होणार नाही, एवढेच सांगितले होते. त्यांतल्या एकासाठी ती झाली, दुसऱ्यासाठी नाही. तिसऱ्या गटाला, तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होईल, असे सांगितले आणि ती झाली. दोन कॅथलिक आणि एका प्रॉटेस्टंट गटाकडे रुग्णाचे पहिले नाव व आडनावाचे आद्याक्षर जाई. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून चौदा दिवस, शस्त्रक्रिया यशस्वी व्हावी आणि गुंतागुंत न होता लवकर बरे वाटावे, या अर्थाचे ठरलेले शब्द ते आपल्या नेहमीच्या प्रार्थनेत घालत.

तीस दिवसांतील गुंतागुंतीचे प्रमाण असे निघाले: अनिश्चित असलेल्यांपैकी प्रार्थना झालेल्यांत ५२ टक्के, न झालेल्यांत ५१ टक्के. प्रार्थना होत आहे हे नक्की ठाऊक असलेल्यांत ५९ टक्के. मृत्यूंचे प्रमाण तिन्ही गटांत जवळपास सारखे होते. तिसऱ्या गटाचा आकडा का चढला, याचे ठाम उत्तर नाही. कदाचित तो योगायोग असेल. कदाचित ‘माझ्यासाठी प्रार्थनेची वेळ आली, इतका मी आजारी आहे का’ ही धास्ती असेल. धीर मिळतो, हे दुसरे विधानही तितके बिनशर्त नाही, एवढे मात्र यातून कळते. २००९ मध्ये कॉक्रेन संस्थेच्या परीक्षणाने दहा चाचण्या आणि ७,६४६ रुग्ण एकत्र तपासले. स्पष्ट परिणाम दिसला नाही आणि यापुढे असल्या चाचण्यांऐवजी साधनसामग्री इतर प्रश्नांवर लावावी, असे मत लेखकांनी दिले.

या चाचण्यांवरील आक्षेप

श्रद्धावंतांचे आक्षेप दोन प्रकारचे आहेत. पहिला व्यावहारिक आहे: ज्या गटासाठी ‘प्रार्थना नाही’, त्यांचे नातेवाईक आणि मंडळी प्रार्थना करतच असतात; म्हणून तुलना प्रार्थना आणि प्रार्थनेचा अभाव यांची नसून थोड्या जास्त प्रार्थनेची आहे. आक्षेप रास्त आहे. पण तो मान्य केला तर अनोळखी लोकांची साखळी जोडून विशेष काही साधत नाही, हेही मान्य करावे लागते.

दुसरा धर्मशास्त्रीय आहे आणि तो ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईस यांनी १९५९ मध्ये, या मोठ्या चाचण्यांच्या बरेच आधी, मांडला होता. प्रयोगासाठी म्हटलेले शब्द ही प्रार्थनाच नव्हे; आणि प्रार्थना म्हणजे विनंती असल्याने ती नाकारली जाऊ शकते, त्यामुळे तिच्याकडून यंत्रासारख्या हमखास फळाची अपेक्षा चूक आहे. हा युक्तिवाद सुसंगत आहे. त्याची किंमतही तितकीच मोठी आहे. मोजता येणार नाही असा ज्याचा परिणाम, त्याची साक्ष म्हणून ‘अमक्याचा कर्करोग प्रार्थनेने बरा झाला’ हे उदाहरणही मग देता येत नाही. बरे झाले की पुरावा आणि न झाले की देवाची इच्छा, अशा दुहेरी हिशेबात कोणताही निकाल प्रार्थनेच्या बाजूनेच पडतो. ज्या दाव्याला हरण्याची सोय नाही, त्याच्या जिंकण्यालाही अर्थ उरत नाही.

जिथे धोका सुरू होतो

प्रार्थना उपचारांच्या जोडीने केली तर वैद्यकीय नुकसान सहसा होत नाही. उपचारांच्या जागी केली तर होते. अमेरिकेत काही पंथ याकोबाच्या पत्राचा शब्दशः अर्थ घेऊन डॉक्टर नाकारतात. १९७५ ते १९९५ या काळात धार्मिक कारणाने वैद्यकीय उपचार न मिळाल्याने दगावलेल्या १७२ मुलांची प्रकरणे सेथ अ‍ॅसर आणि रीटा स्वॉन यांनी १९९८ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात तपासली. त्यातील १४० मुलांना असे आजार होते की, उपचार मिळाले असते तर वाचण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक होती. या घरांत प्रार्थनेची कमतरता नव्हती.

भारतात चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंधने आहेत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने प्रार्थना-उपासनेला हात लावलेला नाही. पण साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला आहे. रेषा प्रार्थना करण्यावर नव्हे, तर उपचार अडवण्यावर ओढलेली आहे, आणि ती सर्व धर्मांना सारखीच लागू आहे.

दुसरा धोका सौम्य पण दैनंदिन आहे. ‘प्रार्थना करतो’ म्हटले की काही केल्याचे समाधान मिळते आणि डबा पोहोचवणे, रात्री सोबत राहणे, बिलाला हातभार लावणे मागे पडू शकते. आजारी माणूस बरा झाला नाही तर ‘विश्वास कमी पडला’ हा ठपका त्याच्यावर किंवा घरच्यांवर येतो, तो वेगळाच.

उरते ते काय

तिसऱ्या विधानाची, म्हणजे प्रार्थना करणारा बदलतो याची, बाजू तुलनेने भक्कम आहे. २०१० च्या सुमारास मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगांत, जोडीदारासाठी प्रार्थना केलेल्यांची क्षमा करण्याची तयारी वाढलेली दिसली आणि दुसऱ्यासाठी प्रार्थना केल्यावर मनातला राग कमी झालेला आढळला. हे प्रयोग लहान आहेत आणि त्यांचे स्पष्टीकरण देण्यासाठी स्वर्गाकडे पाहावे लागत नाही. दुसऱ्याच्या भल्याचा एकाग्रतेने विचार केला की मन त्याच्याबाबत मवाळ होते, एवढे पुरते. दुसऱ्या विधानाचे उत्तर माणसागणिक बदलते. २०१८ मधील फ्लॉरेन्स चक्रीवादळानंतर नॉर्थ कॅरोलिनातील रहिवाशांवर झालेल्या अभ्यासात, परक्याने आपल्यासाठी प्रार्थना करावी म्हणून ख्रिस्ती लोक थोडे पैसे सोडायला तयार होते, तर नास्तिक आणि अज्ञेयवादी ती होऊ नये म्हणून पैसे सोडायला तयार होते. तेव्हा खाटेवरच्या माणसाला ती हवी आहे का, हे आधी विचारणे शहाणपणाचे.

पहिल्या विधानासाठी, म्हणजे दूरवरून केलेल्या प्रार्थनेने रुग्ण बरा होतो यासाठी, दीडशे वर्षांच्या मोजणीत टिकाऊ पुरावा मिळालेला नाही. गॅल्टन यांनीही लेखाचा शेवट करताना प्रार्थनेने मनाला मिळणारा दिलासा नाकारला नव्हता. त्यांनी नाकारला होता तो फक्त कोष्टकातला फरक.